विज्ञानपट आणि ख्रिस्ती कुटुंब : चित्रपट कसा पारखावा?

पुणे धर्मप्रांताचा विस्तार पुणे शहरापुरता मर्यादित नाही. सातारा व सांगली हे जिल्हेही याच धर्मप्रांतात मोडतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी खंडाळा हे तालुक्याचे गाव लागते. (लोणावळ्याजवळचे खंडाळा ते वेगळे.) हे गाव, शिरवळची औद्योगिक वसाहत आणि लोणंदची बाजारपेठ या परिसरात आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. रविवारच्या मिस्सेसाठी यांतील अनेकांना प्रवास करावा लागतो. धर्मशिक्षणाचा वर्ग दर आठवड्याला मिळेलच असे नाही. चित्रपट मात्र प्रत्येक घरी, किंबहुना प्रत्येक हातात पोहोचलेला आहे. अशा ठिकाणी मुलाच्या मनात ‘माणूस म्हणजे काय?’, ‘देव कुठे आहे?’ हे प्रश्न धर्मशिक्षकाच्या आधी चित्रपटच उभे करतो. विज्ञानपट तर हे प्रश्न उघडपणे उभे करतो. म्हणून त्याची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विज्ञानपट म्हणजे विज्ञानातील ज्ञात किंवा कल्पित शक्यतेवर कथानक उभारणारा चित्रपट. परग्रहवासी, यंत्रमानव, कालप्रवास, मानवाच्या जनुकांत केलेले बदल हे त्याचे नेहमीचे विषय. मराठी वाचकाला हा प्रांत अपरिचित नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपण नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि पुढे कित्येक पिढ्यांना विज्ञानकथेची गोडी लावली. पडद्यावर मात्र मराठीने या वाटेने फारसा प्रवास केलेला नाही. त्यामुळे आपल्या घरांत पाहिले जाणारे विज्ञानपट प्रामुख्याने हिंदी, हिंदीत रूपांतरित दाक्षिणात्य किंवा इंग्रजी असतात.

ख्रिस्तसभेची भूमिका

चित्रपट म्हणजे पाप, अशी समजूत जुन्या काळी काही घरांत होती. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र तशी कधीच नव्हती. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतच ख्रिस्तचरित्र आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यातूनच आपल्या देवादिकांना पडद्यावर आणण्याची त्यांची प्रेरणा जागी झाली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी ‘विजिलांती कूरा’ हे परिपत्र केवळ चित्रपट या विषयावर प्रसिद्ध केले. अयोग्य चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा श्रद्धावंतांनी दरवर्षी करावी आणि प्रत्येक देशात चित्रपटांचे परीक्षण करून वर्गवारी जाहीर करणारे कार्यालय असावे, असे त्यात सुचविले होते. बाराव्या पायस यांच्या ‘मिरांदा प्रोर्सुस’ (१९५७) या परिपत्राने रेडिओ व दूरदर्शन यांचाही विचार केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा ‘इंतर मिरिफिका’ हा आदेश ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. कलाकृतीत वाईटाचे चित्रण असणे हे स्वतःच निषिद्ध नव्हे. त्यातून मानवाचे खोलवर दर्शन घडू शकते, परंतु ते नीतीच्या चौकटीत असावे (परिच्छेद ७). प्रेक्षकाने माहिती घेऊन निवड करावी (परिच्छेद ९). आणि घरात काय शिरते यावर लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे (परिच्छेद १०).

या तीन मुद्द्यांतील पहिलाच पुष्कळदा विसरला जातो. चित्रपटात हिंसा ‘आहे’ एवढ्यावरून निकाल देता येत नाही. चित्रपट त्या हिंसेकडे कसा पाहतो, हे पाहावे लागते.

१९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. ‘गांधी’ हा चित्रपट मूल्यांच्या विभागात आहे, हे अनेकांना ठाऊक असते. कलेच्या विभागात मात्र ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) हे दोन विज्ञानपट आहेत. यांतील दुसऱ्या चित्रपटाची सुरुवात वानरसदृश प्राण्यांपासून होते. ते दृश्य पाहून एखादे पालक दचकतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की, शरीराच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाला बाराव्या पायस यांनी १९५० सालीच मज्जाव केला नव्हता आणि १९९६ साली संत दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतिवाद हा केवळ तर्क राहिला नसल्याचे पोपच्या विज्ञान अकादमीला कळविले होते. आत्मा मात्र प्रत्यक्ष परमेश्वराची निर्मिती आहे, ही आपली श्रद्धा. विज्ञानपट पारखताना ही सीमारेषा कामी येते.

प्रमाणपत्र काय सांगते, काय सांगत नाही

आपल्या देशात १९५२ च्या कायद्यानुसार केंद्रीय मंडळ चित्रपटांना प्रमाणपत्र देते. सर्वांसाठी ‘यू’, प्रौढांसाठी ‘ए’ आणि १९८३ पासून पालकांच्या मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवणारे ‘यूए’, असे मुख्य वर्ग आहेत. ‘यूए’ हा वर्ग दीर्घकाळ फारच सैल होता. पाच वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकच माप. २०२३ च्या दुरुस्तीने तो ७+, १३+ व १६+ अशा तीन पायऱ्यांत विभागला आहे. इंटरनेटवरून घरी येणाऱ्या चित्रपटांना २०२१ च्या नियमांनुसार अशीच वर्गवारी लागू झाली असून, १३+ व त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. ही सोय पुष्कळ घरांत कधीच वापरली जात नाही.

प्रमाणपत्र उपयुक्त आहे. परंतु ते रक्तपात, शिवीगाळ, नग्नता यांचे प्रमाण पाहते. चित्रपट माणसाविषयी खरे बोलतो की खोटे, हे त्यात लिहिलेले नसते. ‘यू’ प्रमाणपत्राचा एखादा चित्रपट दुर्बलांची थट्टा शिकवू शकतो, आणि ‘यूए’ वर्गातील एखाद्या चित्रपटातून त्यागाचे मोल कळू शकते. इथून पुढचे काम आईवडिलांचे आहे.

‘रोबोट’ : विचार करणारे यंत्र

आपल्या परिसरात मोठ्या प्रमाणावर पाहिल्या गेलेल्या विज्ञानपटांत शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ (२०१०) याचे स्थान वरचे आहे. हिंदीत तो ‘रोबोट’ या नावाने आला. बहुतेक घरांत तो रजनीकांतच्या करामतींसाठी पाहिला जातो. खरे पाहता धर्मशिक्षणाच्या दृष्टीने तो फार उपयोगी पडण्याजोगा चित्रपट आहे.

शास्त्रज्ञ वसीगरन चिट्टी नावाचा यंत्रमानव बनवतो. तपासणीच्या वेळी प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ डॉ. बोरा चिट्टीला आपल्याच निर्मात्यावर वार करण्याची आज्ञा देतो आणि चिट्टी ती पाळू लागतो. त्याला बरेवाईट कळत नाही, म्हणून तो नापास होतो. पुढे एका आगीत चिट्टी अनेकांचे प्राण वाचवतो. स्नान करीत असलेल्या एका मुलीलाही तो तशाच अवस्थेत उचलून लोकांसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर आणतो. लज्जेने ती धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. यंत्राच्या हिशेबात एक जीव वाचला होता. मुलीची अब्रू त्या हिशेबात नव्हतीच.

हे दृश्य लहानांसाठी नाही. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींशी बोलताना याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. माणूस म्हणजे केवळ चालते शरीर नव्हे. त्याला प्रतिष्ठा आहे, आणि ती परमेश्वराच्या प्रतिरूपात घडल्यामुळे आहे, हे उत्पत्तीच्या पुस्तकातले सत्य इथे अनपेक्षितपणे समोर उभे राहते.

त्यानंतर शास्त्रज्ञ चिट्टीला भावना देतो. भावना आल्या, तरी विवेक येत नाही. चिट्टी प्रेमात पडतो, आणि मिळत नाही म्हणून ओरबाडू लागतो. चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणजे निव्वळ विध्वंस आहे; तो लांबलेला आहे, हिंसक आहे, आणि लहान मुलांपुढे तो बंद करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अखेरीस न्यायालय यंत्र मोडण्याचा हुकूम देते आणि चिट्टी स्वतःचे सुटे भाग स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. २०३० सालच्या वस्तुसंग्रहालयात एक शाळकरी मूल त्याला कारण विचारते, तेव्हा तो सांगतो की, आपण विचार करू लागलो होतो.

या उत्तरावर घरात चर्चा व्हावी. विचार करणे हा अपराध होता का? की विचार आला आणि विवेक आला नाही, ही अडचण होती? व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे संत थॉमस अक्विनास यांच्या सणाच्या दिवशी, ‘अँटिक्वा एत नोवा’ ही टिपणी कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रसिद्ध केली. यंत्राची बुद्धिमत्ता आणि मानवाची बुद्धिमत्ता यांना एकाच अर्थाने ‘बुद्धी’ म्हणता येत नाही, हा तिचा गाभा. मानवाची बुद्धी शरीर, नातेसंबंध, सत्याची ओढ आणि परमेश्वराशी असलेले नाते यांत रुजलेली असते; यंत्र काम करून दाखवते. पंधरा वर्षांपूर्वीचा एक मसालापट हाच प्रश्न आगीच्या त्या प्रसंगात मांडून गेला होता. आज मुलांच्या हातातला फोनच त्यांना उत्तरे देऊ लागला असताना तो प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

‘कोई... मिल गया’ : कोणाला बरे करायचे?

राकेश रोशन यांचा हा चित्रपट ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला. यात मारामारी बेताची आहे, आईची माया आहे, मुलांची निखळ मैत्री आहे. कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा चित्रपट म्हणून तो सहज उत्तीर्ण होतो. नेमक्या याच कारणाने त्याच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे.

नायक रोहित याची बौद्धिक वाढ जन्मापूर्वीच्या अपघातामुळे खुंटली आहे. वयाने तो मोठा आहे, पण लहान मुलांबरोबर शिकतो, त्यांच्याशी खेळतो. आई त्याला आहे तसा स्वीकारते. पूर्वार्धातील हा स्वीकार फार सुंदर आहे. नंतर परग्रहवासी ‘जादू’ येतो आणि त्याच्या शक्तीने रोहित हुशार होतो, चष्मा जातो, खेळात जिंकतो, टवाळखोरांना धडा शिकवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो.

आता ज्या घरात असे मूल आहे, त्या घराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत. त्या मुलाच्या शेजारी बसून त्याची धाकटी बहीण हा चित्रपट पाहते, तेव्हा तिच्या मनावर कोणता ठसा उमटतो? भाऊ बदलला, तरच तो नायक. नाहीतर तो बिचारा. चित्रपटाचा हेतू वाईट नाही, पण त्याचे अंकगणित असे आहे. प्रभू येशूने आजाऱ्यांना बरे केले हे खरे. परंतु बरे होण्यापूर्वीच त्याने त्यांना जवळ बोलावले, त्यांना स्पर्श केला, त्यांच्याशी संवाद साधला. त्यांची किंमत बरे होण्यावर अवलंबून नव्हती. हा भेद मुलांना चार वाक्यांत समजावून सांगता येतो. तेवढे केले, तर हा चित्रपट जरूर दाखवावा.

एक शंका काही पालक उपस्थित करतात. या चित्रपटात अंतराळात पाठविलेल्या संदेशात ‘ओम्’चा ध्वनी आहे, आणि श्रीकृष्णाविषयीची भक्तीही आहे, मग ख्रिस्ती मुलांनी तो पाहावा का? विश्वपरिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगितले आहे. शेजारच्या घरातली आरती ऐकून आपली मुले भ्रष्ट होत नाहीत, तशी या दृश्यानेही होत नाहीत. आदराने पाहावे, आपली श्रद्धा आपण जपावी.

‘पीके’ आणि हसण्याचा प्रश्न

राजकुमार हिरानी यांच्या ‘पीके’ (डिसेंबर २०१४) या चित्रपटातील परग्रहवासी राजस्थानात उतरतो. त्याच्या यानाला बोलावण्याचे साधन चोरीस जाते. देवच काय तो मदत करील असे सारे सांगतात, म्हणून तो देवाला शोधत फिरतो. तो नारळ घेऊन चर्चमध्ये शिरतो, तेथून हुसकावला जातो. मग वारुणी घेऊन मशिदीकडे निघतो. आपल्याला घडविणारा देव एक आणि आपण घडविलेला देव दुसरा, हा त्याचा मुख्य युक्तिवाद आहे.

मूर्तिपूजा नव्हे, तर भीतीच्या जोरावर चालणारा धंदा हे त्याचे लक्ष्य आहे, आणि तेथे त्याचे बोलणे संदेष्ट्यांच्या परंपरेला फारसे परके नाही. यशया व आमोस यांनीही पोकळ विधींवर कठोर टीका केली होती. मात्र चित्रपटाचा मोठा भाग एका बुवाची फजिती करण्यात खर्च होतो. खंडाळ्यासारख्या गावात आपली कुटुंबे मूठभर आहेत आणि शेजारपाजार बहुतांशी हिंदू आहे. तेथे आपल्या घरात शेजाऱ्याच्या श्रद्धेवर हशा पिकू लागला, तर तो चित्रपट आपल्या घराला अपाय करून गेला, असे समजावे. चर्चमधील प्रसंगात आपण किती मोकळेपणाने हसलो, आणि इतर प्रसंगांत किती, हे प्रत्येकाने स्वतःशी ताडून पाहावे. या चित्रपटात लैंगिक संदर्भाचे विनोदही बरेच आहेत. धाकट्या मुलांना तो दाखवू नये.

‘अवतार’ आणि निसर्गपूजा

जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये आला. जानेवारी २०१० मध्ये व्हॅटिकनचे दैनिक ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ आणि व्हॅटिकन रेडिओ यांनी त्याच्या दृश्यसामर्थ्याची दखल घेत असतानाच, निसर्गाला देवत्व देण्याच्या त्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. ही टीका रास्त आहे. सृष्टी परमेश्वराची निर्मिती आहे. ती स्वतः परमेश्वर नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रानेही सृष्टीला भगिनी म्हटले, देवी नव्हे.

तथापि, सातारा जिल्ह्यातील प्रेक्षकाला या चित्रपटात आणखीही काही दिसेल. खनिजासाठी एका समाजाला त्याच्या भूमीवरून हुसकावण्याची ती कथा आहे. कोयना धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचे वंशज याच जिल्ह्यात आहेत. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन देणारे शेतकरी खंडाळा तालुक्यातही आहेत. आजोबांना शेजारी बसवून हा चित्रपट पाहिला, तर वृक्षदेवतेची चर्चा आपोआप मागे पडते आणि न्यायाची चर्चा सुरू होते.

परग्रहावर कोणी असेल तर?

विज्ञानपट संपल्यावर हमखास येणारा प्रश्न असा : दुसऱ्या ग्रहावर माणसे असतील, तर प्रभू येशू त्यांच्यासाठीही मरण पावला का? पालकांनी घाबरू नये. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे, आणि तेथील धर्मगुरूंनी या प्रश्नाला सामोरे जाण्याचे टाळलेले नाही. तत्कालीन संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी मे २००८ मधील मुलाखतीत, परग्रहावरील सजीवांची शक्यता श्रद्धेच्या आड येत नाही, असे सांगितले होते. परमेश्वराच्या निर्मितीच्या स्वातंत्र्याला आपण मर्यादा घालू शकत नाही, हे त्यामागचे कारण. वेधशाळेचेच ब्रदर गाय कॉन्सोलमान्यो यांनी २०१४ साली परग्रहवासीयाला स्नानसंस्कार द्याल का, या प्रश्नाचेच शीर्षक असलेले पुस्तक सहलेखकासह लिहिले. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनीही एका प्रवचनात मंगळवासी स्नानसंस्कार मागू लागले तर काय, असे उदाहरण घेतले. परकीयांना दार बंद करणारे आपण कोण, हा त्यांचा रोख होता. सप्टेंबर २०२५ मध्ये या वेधशाळेची सूत्रे गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली. आपल्याच किनाऱ्यावरचा धर्मगुरू दुर्बिणीपाशी बसला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

तारणाविषयीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आपल्याजवळ नाही, आणि तसे मोकळेपणाने म्हणण्यात कमीपणा नाही. सर्व काही ख्रिस्ताद्वारे निर्माण झाले, एवढे पवित्र शास्त्र सांगते.

घरात पाहताना

पूर्वी यात्रेत तंबूतला चित्रपट असे. सारे गाव एकच चित्रपट पाही, वडीलधारी माणसे मागे बसत, आणि घरी परतताना वाटेत त्यावर बोलणे होई. आता एकाच खोलीत चार जण चार पडदे पाहतात. संत दुसरे जॉन पॉल यांनी २००४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात माध्यमे कुटुंबाला धोकाही आहेत आणि समृद्धीही, असे म्हटले, त्यातील समृद्धीचा भाग एकत्र पाहण्यावर अवलंबून आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नवा विज्ञानपट मुलांना दाखविण्यापूर्वी आईवडिलांपैकी एकाने तो, निदान त्याचा शेवटचा अर्धा तास, आधी पाहावा. या प्रकारात हिंसेचा कहर बहुधा शेवटीच होतो. प्रमाणपत्राची पायरी पाहावी आणि फोनवरील कुलूप खरोखर लावावे. नायकाकडे सामर्थ्य कोठून येते आणि ते तो कोणासाठी वापरतो, हे मुलांना विचारावे. दुर्बल पात्राचे शेवटी काय झाले, हेही विचारावे. आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात काही घरे चित्रपट पूर्णपणे वर्ज्य करतात. त्यांची प्रथा स्तुत्य आहे, पण ती मुलांवर लादण्यापूर्वी मोठ्यांनी आपल्या मालिका बंद कराव्यात. आणि मूल मध्येच घाबरले, तर चित्रपट तेथेच थांबवावा. पैसे भरले आहेत, म्हणून तो पूर्ण पाहिलाच पाहिजे असे नाही.